पाहणे, पारखणे, नोंदवणे : पक्षिओळखीचा अभ्यासपाठ

इतिहासाच्या अभ्यासात ‘साधन’ या शब्दाला मोठे मोल आहे. शिलालेख, ताम्रपट, नाणी, दप्तरे, प्रवासवर्णने ही सारी इतिहासाची साधने होत. मात्र साधन हाती आले म्हणजे सत्य हाती आले असे नव्हे. ते केव्हाचे, कोणी तयार केले, कशासाठी केले आणि त्यावर विश्वास कितपत ठेवावा, हे पारखल्याशिवाय अभ्यासकाने लेखणी उचलू नये, असा या शास्त्राचा दंडक आहे. आपल्या निवासी शाळेत पक्षिओळखीच्या कार्यशाळा सुरू झाल्या तेव्हा इतिहासाच्या शिक्षकांचे तेथे काय काम, असे काही पालकांनी सहज विचारले होते. पक्षी ओळखणे हेही मूलतः पुरावा पारखण्याचेच काम आहे, हे आमचे त्यावरील उत्तर. पाहिलेले आणि ऐकलेले, खात्रीचे आणि अंदाजाचे, यांतील भेद मुलांना या विषयाइतका लवकर आणि इतक्या आनंदाने शिकवणारा दुसरा विषय आमच्या पाहण्यात नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या अभ्यासाची रीत माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

१. नावाआधी वर्णन

कार्यशाळेचा पहिला नियम असा, की पक्षी दिसताच नाव सांगायचे नाही. आधी वर्णन करायचे. नाव सांगून टाकले की डोळे पाहायचे थांबतात. वर्णन करताना ते पाहत राहतात.

वर्णनाची सुरुवात आकारापासून होते. पक्ष्याची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगणे जाणत्यालाही अवघड जाते. म्हणून आपल्या ओळखीचे चार पक्षी मापासाठी घ्यावेत : चिमणी, साळुंकी, कावळा आणि घार. समोरचा पक्षी चिमणीपेक्षा लहान आहे, साळुंकीएवढा आहे की कावळा आणि घार यांच्या मधला आहे, एवढे ठरले तरी निम्मे काम होते. त्यानंतर चोच पाहावी. दाणे फोडणाऱ्या चिमणीची चोच आखूड व जाड, फुलातील मध घेणाऱ्या शिंजिराची बारीक व वाकडी, मासे धरणाऱ्या खंड्याची लांब व भक्कम. चोच पाहिली की पक्षी काय खातो ते कळते, आणि काय खातो ते कळले की तो कोठे सापडेल हेही कळते. मग पाय, शेपटी, बसण्याची ढब, उडण्याची तऱ्हा, आवाज आणि आजूबाजूची जागा. रंग सर्वांत शेवटी. सकाळच्या तिरप्या उन्हात आणि झाडाच्या दाट सावलीत एकच पक्षी दोन रंगांचा भासतो, त्यामुळे नवख्या डोळ्यांना रंगच सर्वाधिक फसवतो.

काळ्या पक्ष्यांचा पाठ येथे उपयोगी पडतो. कावळा, कोतवाल आणि नर कोकीळ हे तिघेही लांबून काळेच. परंतु कोतवालाची शेपटी टोकाशी दुभंगलेली असते, आणि तारेवरून झेपावून किडा टिपला की तो पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. कोकिळाचा डोळा लालभडक व चोच फिकट हिरवट असते, आणि तो पानांआड लपून राहतो. कोकिळेची मादी तर काळी नसतेच. ती तपकिरी असून तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. अनेकांना ती निराळाच पक्षी वाटते. आणखी एक गोष्ट या पाठात मुलांच्या ध्यानी येते. आपल्या कवितांतून आणि गाण्यांतून ‘कोकिळा’ गाते; आमराईत चढत्या स्वरात कुहू करतो तो मात्र नर असतो. पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेलेलेही एकदा डोळ्यांनी आणि कानांनी तपासून घ्यावे लागते, हे सांगायला इतिहासाच्या तासाला आम्हांला याहून सोपे उदाहरण मिळालेले नाही.

नीळकंठाचेही तसेच. नावावरून त्याचा गळा निळा असेल असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा गळा व छाती तांबूस-जांभळट असून त्यांवर फिकट रेघा असतात. खरी निळाई पंखांत आणि पोटाकडे असते, आणि तो उडाला की ती डोळ्यांत भरते.

२. तळ्याकाठची सहल

आपली बहुतेक मुले पूर्व विदर्भातील खेड्यांतून येतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत गावोगावी जुने तलाव आहेत. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने त्यांतील अनेक तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात राहिले आणि मालगुजारी संपल्यावर ‘माजी मालगुजारी’ म्हणजेच ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. पक्षिओळखीला याहून उत्तम वर्ग नाही. एका काठावर उभे राहिले की उघडे पाणी, उथळ दलदल, गवत, भातखाचर आणि झाडी अशा पाच प्रकारच्या जागा एका नजरेत येतात, आणि प्रत्येक जागेचे पक्षी निराळे असतात.

सहलीला सूर्योदयाच्या सुमारास निघावे. कपडे मातकट वा हिरवट रंगाचे असावेत. ऊन पाठीशी ठेवावे, म्हणजे पक्ष्यावर उजेड पडतो आणि त्याचे रंग खरे दिसतात. ऊन समोर असेल तर प्रत्येक पक्षी काळी सावलीच वाटतो. दुर्बिणीवर ‘८ × ४०’ असे आकडे असतात. त्यांतील ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ भासते आणि ४० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर. नवशिके दुर्बीण डोळ्यांना लावतात आणि मग तिच्यातून पक्षी शोधू लागतात. त्यांना फक्त फांद्या सापडतात. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणावी. सूर्याकडे ती कधीही रोखू नये. घरट्याजवळ जाऊ नये, दगड मारून पक्षी उडवू नयेत.

तळ्यावरचा पहिला धडा पांढऱ्या बगळ्यांचा. पहिल्या सहलीत सर्वांच्या वहीत ‘बगळा’ एवढाच शब्द असतो. मग निरखून पाहायला सांगावे. गुरांच्या पायांशी घोटाळणारा, आखूड मानेचा, पिवळ्या चोचीचा तो गायबगळा. विणीच्या दिवसांत त्याचे डोके, मान व पाठ केशरी होते. काळी चोच, काळे पाय आणि पंजे मात्र पिवळे, असा तो छोटा बगळा. पाण्यात उंच मानेने स्तब्ध उभा, ज्याच्या जबड्याची रेघ डोळ्याच्याही मागे जाते तो मोठा बगळा. एका शब्दाच्या जागी तीन शब्द आले म्हणजे तळे बदललेले नसते, पाहणारा बदललेला असतो.

टिटव्यांचेही दोन प्रकार येथे शिकता येतात. डोळ्यासमोर लाल गाठ व काळी छाती असलेली टिटवी पाण्याच्या आसपास असते. पिवळ्या गाठीची टिटवी कोरडा माळ पसंत करते. काठावरच्या खुंटावर पंख पसरून उन्हात बसलेला काळा पक्षी म्हणजे पाणकावळा. चोचीच्या मुळाशी लाल ठिपके व टोकाशी पिवळा रंग मिरवणारे ते हळदी-कुंकू बदक. हे नाव एकदा ऐकलेले मूल तो पक्षी पुन्हा विसरत नाही.

ऋतू हाही पुरावाच असतो. हळदी-कुंकू बदक बारमाही आपले. परंतु लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक, नारिंगी रंगाचा चक्रवाक आणि हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब हे हिवाळी पाहुणे होत. ऐन मे महिन्यात कोणी तलवार बदकांचा थवा नोंदवला, तर ती नोंद खोटी ठरवण्याची घाई करू नये. मात्र नोंदवणाऱ्याला चार प्रश्न जास्त विचारावेत.

३. ‘ओळखता आला नाही’

सहलीहून परतल्यावर प्रत्येकाने आपली नोंद मोठ्याने वाचायची, असा परिपाठ आहे. आठवीतील एका विद्यार्थिनीच्या वहीत इतरांपेक्षा निम्मीच नावे होती. शेवटी तिने लिहिले होते, ‘एक पक्षी ओळखता आला नाही.’ त्याखाली वर्णन होते : कावळ्याएवढा; मान आखडून काठाच्या चिखलात बसलेला; पाठ मातीच्या रंगाची, छातीवर रेघा; जवळ गेल्यावर उडाला आणि उडताना पंख पांढरेशुभ्र. काही मुले हसली. त्यांच्या वह्यांत पंचवीस-तीस नावे होती. तेवढ्यात मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबातील एक मुलगा म्हणाला, ‘ही तर ढोकरी. बसली की दिसत नाही, उडाली की लपत नाही.’ पुस्तक उघडले. त्यात तोच पक्षी ‘वंचक’ या नावाने होता. चिखलात मिसळून भक्ष्याला फसवणारा, म्हणून वंचक.

मार्गदर्शकांनी त्या दिवसाची सर्वोत्तम नोंद म्हणून तीच निवडली. ज्याने तो पक्षी पाहिलाही नव्हता त्याला केवळ वर्णनावरून तो ओळखता आला, ही त्या नोंदीची ताकद होती. उलट पंचवीस नावांच्या यादीतील किती नावे पाहून लिहिली आणि किती शेजाऱ्याचे ऐकून, हे यादीवरून सांगता येत नव्हते. ‘ठाऊक नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिणे ही कमतरता नसून ती शिस्त आहे, हे त्या दिवशी वर्गाला कळले. आपल्या समाजातील मुलांना ‘तुम्हांला काय कळते’ हे वाक्य फार ऐकावे लागले आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले स्वतःच्या शब्दांत लिहावे, आणि ते भरसभेत पुरावा म्हणून मान्य व्हावे, या अनुभवाचे मोल गुणपत्रिकेत मोजता येणार नाही.

४. एका खोट्या चिठ्ठीची गोष्ट

नोंद प्रामाणिक नसेल तर काय घडते, याचा धडा आपल्या महाराष्ट्राच्याच भूमीशी निगडित आहे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव १८८५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सभेच्या संदर्भात आपण शिकतो. हेच ह्यूम त्यांच्या काळातील भारतीय पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. १८७३ मध्ये त्यांनी रानपिंगळा या छोट्या घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर मात्र तो पक्षी कोणालाही खात्रीने सापडला नाही. संग्रहालयांत त्याचे मोजून सात नमुने होते. त्यांतील एकाच्या चिठ्ठीवर लिहिले होते, की हा १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळाला. संग्राहकाचे नाव होते रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन. हे ब्रिटिश लष्करी अधिकारी तेव्हाचे नामांकित पक्षितज्ज्ञ होते.

अमेरिकन अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली. पक्ष्याची कातडी भरण्याची व शिवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातील दुसऱ्याच एका संग्राहकाची, जेम्स डेव्हिडसन यांची असल्याचे दिसून आले. म्हणजे जुना नमुना संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. चिठ्ठी एक सांगत होती, वस्तू दुसरेच सांगत होती. बनावट कागद पकडताना इतिहासकार हेच करतो. खोटी नोंद बाजूला सारून, खऱ्या जुन्या नोंदींत आलेल्या ठिकाणी शोध घेतला गेला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे मेळघाटातही तो आढळला.

तेथेही ओळख बारकाव्यांवरच पटली. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. त्याचे पाय व नख्या अधिक दणकट असतात आणि तो दिवसाही शिकार करतो. एका खोट्या चिठ्ठीने अभ्यासकांना भलत्याच ठिकाणी शोध घ्यायला लावले. आपल्या वहीत न पाहिलेला पक्षी लिहिणारे मूल छोट्या प्रमाणात हेच करीत असते, ही गोष्ट एकदा सांगितली की पुन्हा उपदेश करावा लागत नाही.

५. कानांनी ओळखणे

दाट झाडीत पक्षी आधी ऐकू येतो आणि दिसतो नंतर. म्हणून कार्यशाळेत दहा मिनिटे डोळे मिटून बसण्याचा एक अभ्यास असतो. ऐकू येईल त्या प्रत्येक आवाजासाठी कागदावर दिशेनुसार एक खूण करायची. धातूवर हातोडी पडावी तसा ‘टुक् टुक् टुक्’ हा एकसुरी आवाज तांबटाचा असतो.

पावसाळ्याच्या तोंडावर ओरडणारा पावशा येथे विशेष बोलका ठरतो. आपल्या शेतकऱ्याला त्याच्या आवाजात ‘पेरते व्हा’ ऐकू आले. हिंदी मुलुखात त्याच आवाजात ‘पी कहाँ’ असा विरह ऐकू आला. उकाड्याने त्रासलेल्या इंग्रजांना ‘ब्रेन फीव्हर’, म्हणजे मेंदूज्वर, ऐकू आला. पक्षी एक, स्वर एक. ऐकणाऱ्याच्या जगण्याप्रमाणे अर्थ तीन. साक्षीदाराची साक्ष वाचताना साक्षीदार कोण आहे हेही का पाहावे लागते, ते यावरून उमजते.

घुबडाच्या आणि टिटवीच्या आवाजाला जोडलेल्या अपशकुनाच्या समजुतीही याच तासाला चर्चेला येतात. गव्हाणी घुबड रात्रभर उंदीर मारते आणि शेतकऱ्याचे धान्य राखते. टिटवी ओरडते ती उघड्या जमिनीवर घातलेल्या अंड्यांजवळ कोणी आले म्हणून. कारण कळले की भीती उरत नाही. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या अनुच्छेद ५१ क मध्ये निसर्गाचे रक्षण, प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी आणि विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन ही नागरिकांची कर्तव्ये सांगितली आहेत. पक्षिओळखीच्या एका सकाळी ही तिन्ही कर्तव्ये एकत्र आचरता येतात.

६. नावांतील श्रम

आपल्या पक्ष्यांची नावे एका ओळीत लिहून पाहावीत : पाने शिवून घरटे करणारा शिंपी, खोड ठोकणारा सुतार, हातोडी मारणारा तांबट, पाणवठ्यावर शेपटी आपटत चालणारा धोबी, मासे टिपणारा धीवर, घरट्याच्या झाडावरून कावळ्या-घारींना हुसकावणारा कोतवाल. या नावांखाली कोणाची सही नाही. पण ती कष्टकऱ्यांच्या जगातून आली आहेत हे उघड आहे. शिवणारा हात आणि ठोकणारा हात रोज पाहणाऱ्यांनाच पक्ष्यांत ते हात दिसले.

येथे मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. शिंपी पक्ष्याचे पिल्लू शिंपीच होते, कारण तो निसर्ग आहे. माणसाच्या मुलाने मात्र बापाचाच धंदा करावा, हा निसर्गाचा नियम नव्हे. तो समाजाने लादलेला बंदिवास होता. पक्ष्यांच्या जाती आणि माणसांच्या जाती यांना आपल्या भाषेत एकच शब्द आहे, म्हणून हा भेद स्पष्ट करणे शिक्षकाचे कर्तव्य ठरते.

याच कष्टकऱ्यांच्या ज्ञानाला शास्त्रानेही हाक दिलेली आहे. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत शाळकरी वयाचा सलीम अली पिवळ्या गळ्याची मेलेली चिमणी घेऊन गेला, आणि तेथून एका थोर पक्षितज्ज्ञाची वाटचाल सुरू झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. याच संस्थेने पक्ष्यांच्या पायांत कडी घालून स्थलांतराचा अभ्यास केला. त्यासाठी पक्षी इजा न होता पकडून देणारे अली हुसेन हे बिहारमधील पारंपरिक पारधी, मीरशिकार समाजातले होते. त्यांचे कसब पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. आपल्या मुलांच्या आजोबांजवळही असे ज्ञान आहे. ‘ढोकरी’ हे नाव आमच्या वर्गात पुस्तकाच्या आधी पोहोचले ते तळ्यावर जाळे टाकणाऱ्या घरातून.

७. स्वाध्याय

अभ्यासपाठाचा शेवट स्वाध्यायाने व्हावा, अशी रीत आहे. हा स्वाध्याय विद्यार्थ्यांबरोबर माजी विद्यार्थी आणि पालकांसाठीही आहे.

(अ) आपल्या गावच्या तळ्यावर महिन्यातून एकदा, शक्यतो एकाच वेळी व एकाच जागी, अर्धा तास उभे राहा. तारीख, वेळ, हवामान, पक्षी, संख्या आणि वर्तन लिहा. न ओळखलेल्या पक्ष्याचे वर्णन अवश्य लिहा.

(आ) घरातील वडीलधाऱ्यांना पक्ष्यांची गावातली नावे विचारा आणि कोणाकडून मिळाली ते शेजारी लिहा. नाव सांगणाऱ्याचे नाव हे नोंदीचा भाग आहे.

(इ) पूर्वी दिसत असलेला आणि आता न दिसणारा एक तरी पक्षी त्यांना विचारा. कोठे व केव्हा दिसे, तेही लिहा. भातखाचरात घरटे करणारा, ५ ते ६ फूट उंचीचा सारस महाराष्ट्रात आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात व त्याच्या आसपास उरला आहे. तुमच्या गावी तो होता काय, याचे उत्तर कोणत्याही दप्तरात नाही. ते वृद्धांच्या आठवणीत आहे आणि त्या आठवणीला मुदत आहे.

(ई) तळ्यात गाळ किती साचला, बेशरम किती पसरली, काठाचे गवत किती उरले, याचीही नोंद ठेवा. पक्षी कमी का झाले, या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्यांतच सापडेल.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली आणि डॉ. सलीम अली यांचे जन्मदिवस या सप्ताहाच्या दोन टोकांना आहेत. त्या आठवड्यात आपल्या वहीची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयाकडे पाठवावी, अशी आमची विनंती आहे. ज्यांच्या पूर्वजांना लेखणीपासून दूर ठेवले गेले, त्यांच्या मुलांनी आपल्या गावचे आकाश आणि पाणी स्वतःच्या हाताने लिहून ठेवावे. उद्याचा अभ्यासक त्याकडे साधन म्हणून पाहील. ते खरे उतरावे, एवढी काळजी आपण आज घ्यायची आहे.